सुलतान झोपलाय, साडूभाऊ उभे आहेत

मी सुलतानावर बसलो, तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच तापायला लागलं होतं.

तो सुलतान आहे हे मला माहीत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. बस रखडत आली होती आणि शेजारच्या गृहस्थाने आपल्या मूतखड्याची साद्यंत हकीगत मला ऐकवली होती. थांब्यावर उतरून पायवाटेचा चढ चढून वर आलो, तर समोर एक ऐसपैस आवार. मध्ये भला मोठा घुमट. घुमटापासून जरा बाजूला, झाडाच्या सावलीत, करड्या दगडांचा एक बुटका ओटा. त्याची उंची अशी, की एखाद्या सुताराने माझ्या गुडघ्याचं माप घेऊन बेतली असावी. पुरातत्त्व खात्याने लोकांची सोय बाकी चांगली केलीय, असं मी मनात म्हटलं आणि खिशातून रुमाल काढून दगडावर पसरला. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, तो रुमालावर ठेवला. थर्मास काढला, टोपण उलटं करून त्यात चहा ओतला, ते पुड्याच्या शेजारी ठेवलं. सगळं मनासारखं मांडून झाल्यावर पँट गुडघ्यावर जराशी वर ओढून मी बसलो.

पहिलं बिस्किट चहात बुडवलं, तोच डोक्यावरून आवाज आला.

"पाहुणे, सुलतानावरून उठा."

उठलो कसला, उडालोच. चहा दगडावर सांडला, बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग चहात पडला आणि उरलेला अर्धा माझ्या हातात राहिला. मागे वळून पाहिलं तर खाकी गणवेश, हातात काठी आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही, असे माझे साडू उभे.

"हा सुलतान?" मी विचारलं.

"हाच."

"मग तो घुमट कुणाचा?"

"खजिनदाराचा."

खजिनदारांची ही तऱ्हा मी नोकरीत पुष्कळ पाहिलीय, म्हणून गप्प राहिलो. साडूभाऊंनी खिशातून घडी केलेलं फडकं काढलं, वाकून चहा टिपला, बिस्किटाचा चिखल बोटाने उचलून झाडाच्या बुंध्याशी टाकला. हे सगळं इतक्या सरावाने, की मला विचारावंसं वाटलं, "लोक नेहमी सांडतात का हो?"

"चहा कमी. सरबत जास्त." फडकं पिळत ते म्हणाले, "सरबताला मुंग्या येतात."

सुलतानाची सगळी माहिती एका पाटीवर लिहिलेली आहे. पाटी खजिनदाराच्या दाराशी आहे, कारण वाचायला थांबणारे लोक तिथेच थांबतात. या सुलतानाने म्हणे आयुष्यभर वेशी बांधल्या, कालवे खणले, लढाया केल्या, आणि शेवटच्या आजारपणात सांगून ठेवलं, की माझ्यावर छप्पर नको, नाव नको, नक्षी नको. माती टाका आणि ती पावसाने वाहून जाऊ नये म्हणून भोवती दगड लावा, बस. वारसांनी वडिलांची दुसरी कुठलीही आज्ञा इतक्या तत्परतेने पाळली नसेल. खजिनदाराने असलं काही सांगून ठेवलेलं नव्हतं.

तर आत माती, मातीवर गवत, भोवती दगडाची कड. आणि ती कड लावणाऱ्या गवंड्याने तिची उंची बरोबर बसण्याएवढी ठेवल्यामुळे माझ्या साडूंना गेली वीस-बावीस वर्षं नोकरी आहे. काम एकच. सुलतानावर कुणाला बसू द्यायचं नाही. सुलतान झोपलाय, साडूभाऊ उभे आहेत.

उभं राहणं या माणसाच्या अंगात इतकं मुरलंय, की सासुरवाडीत त्यांचं नावच उभेराव पडलंय. माझ्या लग्नाच्या फोटोंत ते प्रत्येक फोटोत आहेत आणि प्रत्येक फोटोत कडेला उभे आहेत. आमचे सासरे त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवायचे. पाठ वळली, की हे पुन्हा उभे. जेवायला बसले तरी एक पाय दाराच्या दिशेने. बसमध्ये सगळी बाकं रिकामी असली, तरी हे दांडीला धरून. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा दोन तास घरभर उभे होते. आमच्या शेजाऱ्यांना वाटलं, घर विकायला काढलंय आणि गिऱ्हाईक आलंय. माझी बायको म्हणते, भावोजी झोपतात तेसुद्धा आडवे उभे राहिल्यासारखेच झोपतात. हे तिला कसं माहीत, तर तिच्या ताईने सांगितलं म्हणून.

त्या ताईनेच मला बोलावून घेतलं होतं.

"भाऊजी," ती फोनवर म्हणाली होती, "तुम्ही येऊन दोन शब्द बोला. तुम्हाला बोलता येतं. आमच्याकडे बोलणारं कुणी नाही, आहे तो नुसता उभा आहे."

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. साडूभाऊंच्या डाव्या पायाच्या नसा फुगून दोरखंडासारख्या झाल्या होत्या. घोट्याच्या वर एक जखम झाली होती, ती खपली धरायची आणि पुन्हा उघडायची. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. आता बसा, नाहीतर मला तुम्हाला झोपवावं लागेल, आणि मग उठवताना पाय दोन असतील याची खात्री देत नाही. कचेरीतल्या साहेबांनी माणुसकी दाखवली. संग्रहालयाच्या तिकीटखिडकीत एक जागा रिकामी झाली होती, ती देऊ केली. बसून करायचं काम. होय की नाही, एवढंच सांगायचं होतं. ते सांगायची मुदत आजच्या दिवसापुरती होती. उद्या ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

आणि उभेराव काही बोलायला तयार नव्हते. होय नाही, नाही नाही. ताई विचारायची, की ते उठून दार बघायला जायचे.

"मी स्वतः जाऊन खुर्ची बघून आले," ताईने मला सांगितलं होतं. मुलीला स्थळ बघून आल्यासारखाच सूर होता. "गोल फिरते. हात ठेवायला जागा आहे. पाठीला मऊ आहे. मी बसून बघितलं, तिथला माणूस बघतच राहिला. आणखी काय पाहिजे यांना? इतकी वर्षं त्या सवतीपाशी उभे आहेत. आता पाय घालवून बसणार आहेत का?"

सवत म्हणजे ती कबर. ताई लग्न होऊन आल्यापासून तिला सवतच म्हणते. पायवाटेच्या पायथ्याशी बस थांबली, की खिडकीतून वर घुमट दिसतो. तो दिसला की ताई तोंड फिरवते. आवारात तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तर असा मी, एका माणसाने बसावं म्हणून त्याचं मन वळवायला आलो होतो, आणि आल्या आल्या नको तिथे बसून मोकळा झालो होतो. वकील कोर्टात शिरतानाच जज्जाच्या पायावर पाय देऊन शिरावा, तशी माझी बाजू सुरू होण्याआधीच लंगडी पडली.

तरी मी सुरुवात केली. "साडूभाऊ, मी जरा बोलायला आलोय."

"कळलं. बहीण बोलली असणार." त्यांची बहीण नव्हे, माझ्या बायकोची. ते ताईचा उल्लेख माझ्यासमोर असाच करतात.

"तो पाय..."

"थांबा." ते निघून गेले. पलीकडच्या कडेवर एक पोरगा पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होता. साडूभाऊ त्याच्याजवळ जाऊन नुसते उभे राहिले. पोराने पाय काढला. हे परत आले.

"तर डॉक्टर काय म्हणतात," मी पुढे म्हणालो, "की माणसाने कुठे तरी..."

"थांबा." एका बाईने पर्स ठेवली होती.

असं बराच वेळ चाललं. माझं एक वाक्य पुरं होईना. अर्धं वाक्य घेऊन मी त्यांच्या मागून चालायचा, तोवर ते दुसऱ्या टोकाला. एकजण सुलतानाच्या पायाशी उकिडवा बसून, कडेवर कोपर टेकून मोबाइलवर विचारत होता, "अरे, सुलतानाची कबर सापडत नाही, नुसता घुमटच आहे." एका गृहस्थाने कडेवर टोपी, चष्मा आणि वर्तमानपत्र ठेवून खजिनदाराला मनोभावे हात जोडले. साडूभाऊंचा लंगडा पाय गवतावरून ओढत जाताना एक रेघ उमटायची आणि पुसायची. मला एका जागी थांबवेना आणि चालवेनाही. आपल्या बोलण्याला कुणी नाही म्हटलं तर माणूस भांडू शकतो. इथे कुणी काही म्हणतच नव्हतं.

शेवटी मी काठीच धरली. "होय की नाही, ते सांगा. ताई घरी जीव टांगून बसलीय."

साडूभाऊंनी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कचेरीत जाऊन येतो," ते म्हणाले.

"काय सांगणार?"

"तिथे गेल्यावर बघू. जोडीदार आज रजेवर आहे. तुम्ही उभे राहा."

"मी?"

"तुम्ही बसलात ना? मग आता उभे राहा." काठी माझ्याच हातात सोडून ते पायवाटेने खाली गेले. उतारावर दुखऱ्या पायाचं पाऊल टाकताना ते क्षणभर थांबायचे, आणि तेवढ्यात मागे वळून सुलतानाकडे बघून घ्यायचे. तान्ह्या मुलाला शेजारणीकडे ठेवून जाणारी बाई बघते, तसं.

आता मी एकटा आणि सुलतान.

उभं राहण्याइतकं सोपं काम जगात नाही, असं मला वाटत होतं. पाचेक मिनिटांत मी ते मत बदललं. उजव्या पायावर भार द्यावा तर डावा रिकामा वाटतो. डाव्यावर द्यावा तर उजव्याला मुंग्या. हात मागे बांधले तर शाळेतल्या शिक्षेची आठवण होते, पुढे बांधले तर कुणाच्या तरी अंत्ययात्रेला आल्यासारखं दिसतं. काठी टेकली तर म्हातारा दिसतो, उचलली तर मारकुटा. आणि समोर ती कड. जेवढा वेळ तिच्याकडे बघावं तेवढी ती बसायला जास्त बरी वाटायला लागते. मला सुलतानाचा मनातून राग आला. दोन वीत आणखी उंच बांधायला काय झालं होतं? कचेरीत काय चाललं असेल, ताईला काय सांगायचं, साडूभाऊ नाही म्हणून आले तर काय, होय म्हणून आले तर हा माणूस खुर्चीत टिकणार कसा. एकेक विचार डोक्यात यायचा आणि मला कडेभोवती एक फेरी मारायला लावायचा.

लोकांवर मात्र मी तुटून पडलो. स्वतः नुकताच चुकलेला माणूस दुसऱ्याच्या चुका फार कडकपणे पकडतो. एका जोडप्याला मी ते बसायच्या आधीच, नुसत्या त्यांच्या वाकण्यावरून उठवलं. एका फोटोवाल्याची कॅमेऱ्याची तिपाई खाली ठेवायच्या आत हवेतच अडवली. एका आजोबांनी तर नुसता हात टेकला होता. मी घसा खाकरला. त्यांनी हात उचलला आणि म्हणाले, "नवीन दिसता."

मग पायवाटेने एक माणूस वर आला. मघाशी सांगायचं राहिलं, ही पायवाट आवारातून आरपार जाते. खाली बसथांबा, आणि आवाराच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की समोर मोठा दवाखाना. रस्त्याने गेलं तर लांबचा वळसा, म्हणून बरेच लोक सुलतानाच्या शेजारून जातात. या माणसाच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, काखेत गुंडाळलेली चादर. त्याने इकडेतिकडे बघितलं नाही, घुमटाकडेही नाही. सरळ आला आणि कडेवर बसला. डबा मांडीवर घेतला आणि डोळे मिटले.

"उठा," मी म्हणालो. "ही कबर आहे."

त्याने डोळे उघडले. "माहीत आहे," तो म्हणाला. "रोजचे साहेब नाहीत का?"

"कचेरीत गेलेत. का?"

"काही नाही." तो उठायला लागला. डबा, पाकीट, चादर पुन्हा गोळा करायला लागला. "ते बसू देतात."

मला धक्काच बसला. "ते कुणालाच बसू देत नाहीत. मला स्वतःला उठवलं त्यांनी. मी त्यांचा साडू आहे."

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मी रोज बसतो. ते येऊन विचारतात, कितवा मजला. मी म्हणतो, चौथा. ते म्हणतात, बसा. आधी दुसरा होता तेव्हा म्हणायचे, थोडं बसा. आता नुसतंच बसा म्हणतात." चादर काखेतून निसटली, ती मी उचलून दिली. त्यावर तो म्हणाला, "तुमचीही नोकरी आहे, जातो मी," आणि मागच्या फाटकाकडे चालायला लागला.

मी त्याला हाक मारली. तो थांबला नाही. त्याच्यामागे चार पावलं गेलो, तर इकडे कडेवर कुणीतरी पिशवी ठेवली. ती उठवून वळून पाहिलं तर तो फाटकातून बाहेर गेला होता.

त्यानंतर माझी फारच पंचाईत झाली. मघापर्यंत मला एकच नियम माहीत होता आणि नियम एकच असला, की माणूस निर्धास्त असतो. आता येईल त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं होतं. एक बाई हातात रिकामा डबा घेऊन दवाखान्याकडून आली आणि कडेजवळ घुटमळली. मी मोठ्या अदबीने विचारलं, "कितवा मजला?" ती म्हणाली, "मी तिथे पोळ्या करते, मला कुठला मजला," आणि तरातरा निघून गेली. एक गृहस्थ धापा टाकत आले. मी म्हटलं, बसा. ते म्हणाले, "इथे? कबरीवर? लाज नाही वाटत?" नंतर साडूभाऊंनी सांगितलं, की त्यांचंही एकदा असंच झालं होतं. एक तरुण घामाघूम होऊन आला, चेहरा लालबुंद. त्यांनी स्वतः हाताला धरून बसवला. तो दोन मिनिटांनी उठला आणि तिथेच जोर काढायला लागला. पळण्याचा सराव करत होता.

ऊन डोक्यावर आलं. साडूभाऊंचा पत्ता नाही. फोन पिशवीच्या तळाशी, पिशवी झाडाखाली, आणि तो शोधत बसावं तर कडेवरची नजर सुटते. कचेरी काही एवढी लांब नव्हती. होय म्हणायला एक शब्द लागतो आणि नाही म्हणायलाही एकच. मग हा माणूस करतोय काय तिथे? पाय जास्त दुखला असेल का? मी पायवाटेच्या तोंडापर्यंत जायचा, खाली वाकून बघायचा आणि पळत परत यायचा. असं करता करता एकदा वाकलो, तर खालून ताई येताना दिसली.

ताईचं वजन बऱ्यापैकी आहे आणि तिचेही गुडघे काही नवे नाहीत. एका हाताने गुडघा दाबत, दुसऱ्या हातातली पाण्याची बाटली हलवत ती चढत होती. मला बघून तिने बाटलीनेच खूण केली, थांबा म्हणून. वर आल्यावर तिला बोलता येईना. तिने घुमटाकडे एकदा जळजळीत नजर टाकली, पाठ फिरवली आणि दोन पावलं मागे सरून सरळ सुलतानावर बसली.

माझ्या तोंडातून सकाळपासूनच्या सवयीने निघालं, "ताई, तिथे नका..."

"बसू द्या," मागून आवाज आला.

साडूभाऊ पायवाटेच्या तोंडाशी उभे होते. तिच्या मागोमाग कधी चढून आले, मला कळलंच नाही.

"तू इथे कशी?" त्यांनी विचारलं.

"फोन उचलत नाही तुम्ही." ताईने अर्धी बाटली घशात रिकामी केली. "हे भाऊजीही उचलत नाहीत. घरात बसवेना मला. किती वेळ ओटा पुसायचा माणसाने? काय सांगितलंत कचेरीत?"

"आधी दम खा."

"खाल्ला दम. काय सांगितलंत?"

साडूभाऊ कडेवरची पानं झाडायला लागले. ताईने माझ्याकडे बघितलं. मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मी कडेकडे बघितलं. मग तिनेही खाली, आपल्या हाताखालच्या दगडाकडे बघितलं. गवताकडे बघितलं. दगडाची कड कुठून कुठे गेलीय ते मान वळवून बघितलं आणि तिच्या लक्षात आलं.

"हा तो?"

"हा."

"एवढाच?"

"एवढाच."

"मग तो घुमट?"

"खजिनदाराचा," मी म्हणालो. निदान एवढं तरी मला सांगता येत होतं.

ताई बराच वेळ घुमटाकडे बघत राहिली. "लग्न झाल्यापासून मी त्यालाच शिव्या देतेय," ती म्हणाली. "आणि तुम्ही सांगितलंसुद्धा नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

ती उठायला लागली. दगडावर हात टेकून जोर लावला, पण गुडघ्यांनी दाद दिली नाही. साडूभाऊ पुढे होऊन म्हणाले, "बस गं. तू चढून आलीयस." हे ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी सासुरवाडीत कधी ऐकला नव्हता. बहुधा ताईनेही नसावा, कारण ती बसली आणि बाटलीचं झाकण उगाच लावत-काढत राहिली.

"उद्यापासून तिकीटखिडकी," साडूभाऊ म्हणाले. "सही करून आलो."

सकाळपासून याच एका वाक्यासाठी मी ताटकळलो होतो. मला वाटलं, ताई आता हसेल, निदान मला शाबासकी देईल. ती नुसती त्यांच्या पायाकडे बघत होती. "मग उशीर का झाला एवढा?"

"बाक मागत होतो."

"कसला बाक?"

"माझ्या जागी माणूस देणार नाहीत. जाळी लावणार. चारी बाजूंनी." काठी घेण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. मग काठी माझ्याकडेच राहू दिली. "मी म्हटलं, जाळी लावा, पण बाहेर एक बाक टाका. साहेब म्हणाले, कशाला? इथे बागेत बाक आहेत की. मी म्हटलं, बाग खाली आहे, चढाच्या आधी. चढाच्या नंतर काही नाही."

"मग?"

"म्हणाले, बघू."

"बघू म्हणजे नाही."

"माहीत आहे," साडूभाऊ म्हणाले. "पण तिकीटखिडकीतून साहेबांच्या खोलीचं दार दिसतं. रोज समोरूनच जावं लागणार त्यांना. रोज विचारीन."

ताईला बाकाचं काही समजलं नव्हतं. मी तिला त्या डबेवाल्या माणसाचं सांगितलं. चौथ्या मजल्याचं आणि मी त्याला उठवल्याचंही. सांगताना साडूभाऊंकडे बघायचं टाळलं. ते फक्त म्हणाले, "निळी चादर?" मी मान हलवली. ते मागच्या फाटकाकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "परत जाताना याच वाटेने जातो तो." एवढंच. मला बोलले असते तर बरं झालं असतं.

ताई जराशी सरकली. तिच्या शेजारी कडेवर जागा झाली.

"आता ड्यूटीवर आहात का तुम्ही?" तिने विचारलं.

"सही केली तेव्हाच सुटलो."

"मग बसा."

साडूभाऊंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. फडकं काढून दगड पुसला, जिथे कुणीच काही सांडलं नव्हतं तिथे. मग पाठ वळवली, दोन्ही हात मागे नेऊन कड चाचपली आणि थंड पाण्यात उतरावं तसे, थोडे थोडे करत बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. डॉक्टरांच्या खोलीबाहेर नंबर लागायची वाट बघणारा माणूस बसतो तसे. ताईने खाली वाकून त्यांच्या डाव्या पायाची पँट जराशी वर केली, पट्टी बघितली आणि पुन्हा खाली केली. त्यांच्या पायाची बोटं मात्र सारखी हलत होती. अजून त्यांना बातमी पोचली नसावी.

मी उभा होतो. एक कुटुंब घुमट बघून आमच्याकडे आलं. त्यांतल्या वडिलांनी हे दोघं बसलेले बघून स्वतःही बसायला घेतलं. मी काठी घेऊन पुढे झालो.

"कबर आहे ही."

"मग हे बसलेत ते?"

"त्यांचं चालतं," मी म्हणालो. साडूभाऊ उठायला लागले, ताईने त्यांच्या मनगटाला धरून ठेवलं. कुटुंब निघून गेलं. जाताना ते वडील काहीतरी पुटपुटले, बहुधा वशिल्याबद्दल.

आणि तेव्हा मला सकाळचं आठवलं. माझे पाय दुखत होते, पाठ धरली होती, चहा पोटात गेला नव्हता आणि इथे सगळ्या जगाला बसायची परवानगी होती, फक्त सख्ख्या साडूला नव्हती.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "एक विचारू? येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या माणसांना तुम्ही बसवता. ताईला बसवलंत. सकाळी मीही बसच्या प्रवासाने दमूनभागून, तोच चढ चढून आलो होतो. मग मलाच का उठवलंत?"

त्यांनी मान वर केली. पहिल्यांदाच ते माझ्याकडे खालून बघत होते.

"दमलेला माणूस बसायच्या आधी बिस्किटं मांडत नाही."